मॉरिशस आडवं ओलांडताना

विमानतळ बेटाच्या आग्नेयेला, राजधानी पोर्ट लुई वायव्येला. मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. बहुतेक भारतीय पर्यटक हॉटेलच्या गाडीत बसून हे अंतर झोपेत काढतात. मला विचाराल तर देश याच रस्त्यावर कळतो, आणि हा रस्ता बसने नि मेट्रोने करावा. माहेबूरहून येणारी बस विमानतळावरून मधल्या पठारावरच्या क्यूरपीप शहराला जाते. तिकीट कंडक्टरकडे रोख, त्यामुळे सुटे मॉरिशियन रुपये जवळ ठेवा. मोठ्या बॅगा घेऊन मात्र चढू नका, जागा नसते. संध्याकाळनंतर बसगाड्या झपाट्याने कमी होतात.

बाहेर पडताच दुतर्फा ऊस, आणि उसात मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग. बेट ज्वालामुखीचं, शेतात बेसॉल्टच बेसॉल्ट. मजुरांनी हाताने वेचून ते ढीग रचले, तेव्हा कुठे ऊस लागला. ऊसच का, तर वादळात तो वाकतो, झोपतो, पण मुळं धरून राहतो. तांदूळ आणि गहू आजही बाहेरूनच येतात.

क्यूरपीप साधारण 550 मीटरवर आहे. आग्नेयेचे व्यापारी वारे पठारावर चढतात आणि इथे पाऊस टाकतात. सह्याद्रीचंच गणित, फक्त दिशा उलटी. पठारावर वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम 900. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल स्वस्त दिसलं तरी विचार करा: वारा सतत अंगावर येतो आणि समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाककडे राहणं शहाणपणाचं.

क्यूरपीपहून मेट्रो घ्या. भारताच्या मदतीतून उभी राहिलेली ही लाइन लार्सन अँड टुब्रोने बांधली. रोझ हिलपर्यंत ती 2020 मध्ये सुरू झाली आणि 2022 मध्ये क्यूरपीपला पोहोचली. रोझ हिलहून एक फाटा एबेन या उपनगराच्या काचेच्या इमारतींकडे जातो. बँका, कॉल सेंटर, वित्तीय कंपन्या. भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत कित्येक वर्षं मॉरिशसचं नाव सर्वांत वर का असायचं, याचं उत्तर 1982 च्या दुहेरी करविषयक करारात आहे. इथे नोंदवलेल्या कंपनीला भारतातले शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर नव्हता. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरना ती सवलत उरली नाही. साखरेचंही तसंच झालं. युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घ्यायचा, 2006 पासून त्याने भाव 36 टक्क्यांनी उतरवला. कारखाने एकत्र झाले, उसाच्या चिपाडावरच्या विजेवर भर वाढला. दुसऱ्याच्या सवलतीवर उभं राहायचं आणि ती जायच्या आत नवं काहीतरी शोधायचं, हीच इथली अर्थनीती. 1970 नंतरचे कापड कारखाने आणि पर्यटन त्यातूनच आले.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट चुकवू नका. प्रवेश मोफत आहे. गिरमिटिया, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून आले, त्या अजून आहेत. 1834 पासून साडेचार लाखांहून अधिक माणसं बेटावर उतरली. करारातली ‘डबल कट’ची अट क्रूर होती: एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. आपले कोकणातले लोक मुंबई बंदरातून आले. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या दोनेक टक्के. घरात बहुतेक क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, झाकरी नाच टिकून आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या दिवशी सरकारी कचेऱ्या, बँका बंद, हे लक्षात ठेवून कामं आखा. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावचं विसर्जन बघायचं असेल तर गाडी आधी ठरवा.

राज्यव्यवस्था ब्रिटिश वळणाची. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, बरोबर 24 वर्षांनी प्रजासत्ताक. 62 खासदार निवडून येतात: वीस मतदारसंघांतून तीन-तीन, रॉड्रिग्स या दूरच्या बेटाचे दोन. वर आठपर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांतून, समाजगटांचा तोल साधण्यासाठी भरल्या जातात. त्या तोलासाठी जनगणना मात्र 1972 ची वापरतात! 2024 मध्ये विरोधी आघाडीने 62 पैकी 60 जिंकल्या, तेव्हा सत्ताधाऱ्यांना निवडून आलेली एकही जागा मिळाली नाही. सैन्य नाही, निमलष्करी पोलीस दल आहे.

दुपारच्या आत बाजारात दालपुरी खा, ती जोडीनेच मिळते. आत भरड डाळ, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि टोमॅटोचा रुगाय. तिखट हवं का ते विचारतात, ‘थोडं’ म्हणा.

भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि निघण्यापूर्वी भरलेला ऑनलाइन प्रवास फॉर्म दाखवावा लागतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला चालत नाही. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. इशारे एक ते चार अंकांत येतात. तिसरा लागला की ताशी 120 किलोमीटरचे झोत येण्याआधी उजेडाचे सहाएक तासच उरलेले असतात, तेव्हा पाणी, खाणं, बॅटरी दुसऱ्या इशाऱ्यालाच भरून ठेवा. विमानाची वेळ एअरलाइनला विचारून मगच हॉटेल सोडा.