‘तुमचा प्रवास सांगा’ हे विचारायचं नाही

नाशिकमधल्या उद्योजकांच्या, कलावंतांच्या आणि संस्था चालवणाऱ्यांच्या मुलाखती घेताना मी एक प्रश्न कायमचा काढून टाकला आहे: तुमचा प्रवास सांगा. सत्कारात, पुरस्काराच्या भाषणात, स्मरणिकेत हा प्रवास इतक्या वेळा सांगून झालेला असतो की उत्तर तोंडपाठ असतं. गाव, ओढाताण, कोणीतरी दिलेला हात, आजचं यश. वीस मिनिटं जातात आणि छापण्याजोगं एक वाक्य निघत नाही. त्याऐवजी मी विचारतो, ‘आज आल्यावर पहिलं काम काय केलंत?’ समोरचा थबकतो, हसतो आणि खरं सांगायला लागतो.

माणसं निवडताना निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांपासून सुरुवात करणं सोपं आहे. पण त्यांचं बोलणं सगळीकडे येऊन गेलेलं असतं. त्यांच्याकडून नावं घ्यायची ती जॉबवर्क करणाऱ्यांची: सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून मोठ्या कंपन्यांसाठी टर्निंग, पावडर कोटिंग, प्रेसिंग करणारे. त्यांच्याकडे विषय एकच, अडकलेलं बिल. आणि त्यावर ते बोलत नाहीत, कारण पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यायची असते. म्हणून कंपनीचं नाव विचारायचंच नाही, तारखा विचारायच्या. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे. पोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. मग प्रश्न असा: ‘दिवस तुम्ही माल पाठवल्याच्या चलनापासून मोजता की त्यांच्या क्वालिटीवाल्याने पास केल्यापासून?’ या एका प्रश्नावर अर्धा तास निघतो. आयकराचं कलम ४३बी(एच) आल्यापासून काही फरक पडला का, हे त्याला जोडून. मुदत उलटलेली रक्कम वर्ष संपेपर्यंतही दिली नाही, तर ती माल घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अचानक पैसे सुटतात का, ते कळतं.

तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत हे चालत नाही. तिथे ‘सर’ म्हणून हाक मारलीत की माणूस अवघडतो. काका म्हणावं आणि भांडं हातात घेऊन विचारावं. भाव किलोवर, मजुरी वेगळी, जुनं भांडं दिलं तर मोडीचा भाव वजा. ही बेरीज त्यांच्याच तोंडून एका तांब्यावर करून घेतली की धंदा समजतो. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, म्हणून मधे तापवून नरम करावं लागतं; मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, दिसायला सुंदर, पण पत्र्याला ताठपणाही त्यानेच येतो. हे कामाच्या क्रमाने विचारलं तर मिळतं. ‘कला टिकेल का?’ असं विचारलं तर फक्त उसासा मिळतो.

वेळ ठरवणं हे अर्धं काम. द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीच्या आसपास आणि जानेवारी ते मार्च गाठायचं नाही. वायनरीतही तेव्हाच द्राक्ष गाळपाला येत असतं. बघायला तोच मोसम, बसून बोलायला मात्र पावसाळा. उलट एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळा वाईट, कारण सर आली की आवाज रेकॉर्ड होतच नाही. शिफ्ट बदलण्याची वेळ आणि गाळ्याची सुट्टी आधी विचारून घ्यायची. येवल्याला पैठणीसाठी जाताना माग चालू असण्याची वेळ वेगळी आणि बोलण्याची वेगळी धरायची. विणणाऱ्याचं लक्ष पदरावरच्या मोरात असतं. मधे प्रश्न विचारला की तार चुकते.

आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक मुलाखती इथेच वाया जातात. कॉलरचा माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावायचा. साडी नेसलेल्या ताईंना तो मंगळसूत्राच्या बाजूला नको, मणी आदळत राहतात. खांद्याजवळ काठावर बरा. रेशमी किंवा कडक स्टार्चचं कापड घासतं, तिथे माइकची वायर आतून एक वळसा देऊन चिकटवायची. हातभर बांगड्या असतील तर टेबलाऐवजी मांडीवर उशी द्यायची. पंखा बंद, फ्रिज बंद (बंद केलेला फ्रिज निघताना परत चालू करायचा, गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवली की विसरत नाही), फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यायचा, कारण मराठी माणूस भाव सांगताना हळू बोलतो आणि हसताना दणकून. या हिशोबाने एका माइकचा एक तास साधारण ५२० एमबी होतो. शेवटी कोणी न बोलता तीस सेकंद खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. कापाकापीत जोड लपवायला तोच लागतो. यंत्राशेजारी मुलाखत घेऊच नये. यंत्राचा आवाज वेगळा दोन मिनिटं, बोलणं ऑफिसात.

नाटकवाल्यांना मी एका प्रयोगाचा हिशोब विचारतो: कालिदास किंवा सायखेडकर नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, लाइट, मेकअप, जाहिरात, आणि तिकिटातून किती आले. चित्रकारांना फ्रेमचा खर्च कोण करतो ते. उत्तरं छोटी असतात, पण खरी असतात.

संस्थांकडे सगळ्यात जास्त तयारी लागते. त्या अहवालातली भाषा बोलतात, ‘लाभार्थी’, ‘सक्षमीकरण’, आणि त्यातून बाहेर काढायला महिना विचारावा लागतो. सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चात (अशा संस्थांना पैसे यातून मिळतात), ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि कंपनीचं वर्ष मार्चला संपतं. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. ‘जूनमधला पगार कुठून दिलात?’ हा प्रश्न विचारला की अहवाल मिटतो. मुलांसोबत काम असेल तर एक गोष्ट न विचारता पाळायची: २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्याचा आरोप असलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांची ओळख उघड करू देत नाही. नाव बदलणं पुरत नाही. वाडी, शाळा आणि इयत्ता एकत्र छापली की गावात सगळ्यांना कळतं. फोटो पाठमोरा असला तरी भिंतीवरचं शाळेचं नाव बघायचं.

एका तासाच्या बोलण्याचे सात-आठ हजार शब्द होतात, आणि हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. मशीनने उतरवलेलं वापरावं, पण आकडे आणि धंद्यातले शब्द ऐकून तपासावेत. ‘मोड’ आणि ‘मठार’ त्याला कळत नाहीत, आणि ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ इथे ते हमखास घसरतं.

छापण्याआधी मी संपूर्ण लेख पाठवत नाही, फक्त त्यांच्या तोंडची वाक्यं आणि आकडे पाठवतो, व्हॉट्सअपवर, दोन दिवसांची मुदत लिहून. हे मुलाखतीच्या आधीच सांगून ठेवायचं. आकडा चुकला असेल तर बदलतो. भाव किंवा गिऱ्हाइकाचं नाव काढा म्हणाले तर काढतो, त्यांचं पोट त्यावर आहे. ‘हे जरा चांगल्या शब्दांत लिहा’ म्हणाले तर मात्र नाही. तसं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात, आणि न ऐकणाऱ्याचं ते वाक्य गाळून बाकीचं छापता येतं.