मनाली–लेह: मॉडिफाय केलेल्या डिझेल पिकअपचा धूर कसा ओळखावा

आमची पिकअप बीएस-४ काळातली, अडीच लिटर टर्बो डिझेल. मोठे टायर, मागे कॅनोपी आणि ताकद वाढवायला इंजिनला जोडलेला ट्युनिंग बॉक्स. पुण्याहून मनालीपर्यंत आरशात धूर दिसला नाही. अटल बोगदा ओलांडला, केलाँग आणि जिस्पा मागे टाकलं, आणि झिंगझिंगबारपुढे बारालाचा खिंडीच्या चढाला गाडी काळा धूर मारायला लागली. खेचही गेली.

बारालाचा सुमारे ४,८९० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हे ओळखून डिझेल कमी सोडतो. बॉक्स मात्र रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला भासवतो, मग ईसीयू दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. हवा तेवढी नसते, त्यामुळे काजळी. मोठ्या टायरांनी आरपीएम खाली राहतो, टर्बो नीट उठत नाही, म्हणून आणखी धूर. चढाला एक गिअर खालचा ठेवा आणि पाय अर्धाच दाबा. माझं स्पष्ट मत, लडाखला बॉक्स लावून जाऊच नये.

सर्चूला बॉक्स काढून मूळ कनेक्टर जोडला. गाटा लूप्सच्या २१ वळणांवर धूर कमी झाला, पण थांबला नाही. शिवाय पाय दाबला की बॉनेटखालून सूंऽऽ असा आवाज. हा आवाज ऐकायला काचा खाली आणि गाणी बंद हवीत.

पांगला इंजिन गार झाल्यावर टॉर्च घेऊन इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज पाइप बघितले. सांध्यांवर जरासा तेलकटपणा असतोच, त्याला घाबरू नका. पण एका क्लिपखाली ओल्या काळ्या धुळीचा डाग पंख्यासारखा पसरला होता. पाइप वाकवला तशी क्लिपच्या कडेला नखाएवढी चीर उघडली. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. डिझेल फवारणारे नोझल उघडायचं कारणच नव्हतं. चीर टोकाला असल्याने तेवढा तुकडा कापला, पाइप पुन्हा चढवला, नवी क्लिप आवळली. चीर मधे असेल तर पाइप पुसून कोरडा करायचा आणि सिलिकॉन टेप ताणून गुंडाळायची; तेलावर ती धरत नाही. टेप आणि जास्तीच्या क्लिपा सोबत असू द्या.

त्यानंतर ५,३०० मीटरवरच्या तांगलांग ला खिंडीतही फक्त फिकट करडा धूर, आणि लेहला उतरल्यावर तोही नाही. उंचीचा धूर खाली आलं की जातो. गळतीचा राहतो. म्हणून निघण्याआधी ताम्हिणीत पूर्ण सामानानिशी गाडी चढवून बघा, मागच्या गाडीतून कुणाला तरी व्हिडिओ काढू द्या.

पहाटेच्या थंडीत स्टार्ट केल्यावर येणारा, डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हीटर प्लगचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा. इंजिन तापलं की तो जायला हवा. तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी पुढे नेऊ नका. लांब उतारानंतर पाय दिला की निळा धूर आला, तर गाडी ऑइल खातेय. डिपस्टिक बघा. पातळी भराभर उतरत असेल तर टर्बोचं सील गेलेलं असू शकतं, अशा वेळी टो करूनच न्या.

धूर मारणारी गाडी अ‍ॅव्हरेजही देत नाही. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर टाकी फुल्ल करा आणि वीस लिटरचा कॅन भरून घ्या.