पॅटागोनियात मोटरहोम, आणि तो वारा

मोटरहोमने, म्हणजे घरासारख्या गाडीने, पॅटागोनिया, म्हणजे अर्जेंटिना-चिलीचं दक्षिण टोक, फिरून आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, रोज किती किमी होतात? आणि उत्तराची वाट न बघता समोरचा मोबाईलवर मॅप काढतो, हे बघ, बारिलोचे ते एल चाल्तेन तेराशेच्या आसपास, दोन दिवसात आरामात. मॅपवर होतंच ते. मॅपवर वारा दिसत नाही एवढंच.

म्हणून हे लिहितेय. तिकडे दिवसाचा प्लॅन वारा ठरवतो, त्यानंतर डिझेल, आणि त्यानंतर आपण. हे एकदा मनापासून मान्य केलं की मोटरहोमने फिरायला याच्यासारखी जागा नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी वारा एवढा का ते सांगते, कारण हे कळल्यावर राग येत नाही. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली अंटार्क्टिका येईपर्यंत जमीन जवळजवळ नाहीच, टास्मानिया आणि न्यूझीलंडचा भाग सोडला तर दक्षिण अमेरिकेचं हे निमुळतं टोक तेवढं. पश्चिमेचे वारे समुद्रावरून बिनअडथळा पृथ्वीला फेरी मारत येतात आणि अँडीजला येऊन धडकतात. ढगातलं पाणी सगळं चिलीच्या बाजूला, तिकडे काही ठिकाणी वर्षाला काही हजार मिमी पाऊस, घनदाट जंगल, फ्योर्ड म्हणजे डोंगरात शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, आणि डोंगर ओलांडून अर्जेंटिनात उतरतो तो नुसता कोरडा वारा. एल कालाफातेला वर्षाला 200 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, बाकी सगळं पिवळट खुरटं गवत, काटेरी झुडपं आणि आभाळ. झाडच नाही तर वाऱ्याला अडवणार कोण.

आता अशा ठिकाणी तुम्ही तीन मीटर उंचीचा चौकोनी डबा चालवताय. कारवाल्याला जो वारा नुसता ऐकू येतो तो तुम्हाला स्टिअरिंगवर येतो. रूट 40, अर्जेंटिनातला आमचा मुख्य हायवे, बराचसा उत्तर-दक्षिण आहे आणि वारा पश्चिमेकडून, म्हणजे दिवसभर कुशीतून धक्के. सतत एकसारखा असता तर सवय झाली असती पण तो झोताझोताने येतो, आणि समोरून मोठा ट्रक आला की एक क्षण एकदम शांत होतं कारण ट्रकने वारा अडवलेला असतो, आणि ट्रक गेला रे गेला की दुप्पट जोराने गाडी बाजूला ढकलली जाते. म्हणून ट्रक दिसला की वेग कमी, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि गप्पा बंद. मी आणि नवरा आळीपाळीने चालवायचो, दोन-दोन तास, त्याच्या पुढे खांदे बोलायला लागतात.

बहुतेक दिवशी सकाळी वारा कमी असतो आणि दुपारनंतर चढत जातो. आम्ही उजाडताच निघायचो आणि दुपारी दोनच्या सुमारास जिथे असू तिथे आडोसा शोधायचो. डिसेंबरात अगदी दक्षिणेच्या उशुआइया शहरात सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे दुपारी थांबलं तरी दिवस वाया गेला असं अजिबात वाटत नाही, उलट खरा दिवस तिथून पुढे सुरू होतो, स्वयंपाक, पुस्तक, आसपास चालणं.

दाराबद्दल सविस्तर सांगते कारण मोटरहोममध्ये पॅटागोनियात सगळ्यात जास्त काय मोडत असेल तर दार. भाड्याने गाडी घेतली की कागदांमध्ये एक ओळ असते, वाऱ्याने दार उलटं वाकलं तर ते इन्शुरन्समध्ये येत नाही. आमच्या कागदात पण होती, आणि गाडी देणाऱ्या माणसाने ती तोंडी सांगितलीच नाही, याचा मला अजून राग आहे, कारण ही त्या अख्ख्या करारातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. तर पद्धत अशी. थांबताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, म्हणजे पुढे बिजागरी असलेलं दार वारा उघडू देत नाही, उलट बंद करायला बघतो. मग एक जण आतून हँडल घट्ट धरून चार बोटं उघडणार, दुसऱ्याने बाहेरून कड पकडायची, आणि मगच पूर्ण. दोन दारं एकाच वेळी कधीच उघडायची नाहीत, कारण वारा एका दारातून आत शिरतो आणि दुसऱ्यातून टिशू पेपर, पावत्या, पासपोर्टचं पाकीट, जे हलकं असेल ते घेऊन जातो. लहान मुलं असतील तर त्यांनी स्वतः दार उघडायचं नाही हा नियमच करा.

बाहेरची कनात, ऑनिंग, ती विसरा. छपरावरची खिडकी चालू गाडीत कुलूपबंद. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर त्याची ज्योत बाहेरच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने विझते, सकाळी दूध नासल्यावर कळतं. थांबताना ती जाळीची बाजू वाऱ्याच्या उलट ठेवायची.

डिझेलचं गणित सोपं आहे, पंप दिसला की टाकी फुल, अर्धी रिकामी आहे का पाव हे बघायचंच नाही. पेरितो मोरेनो गावापासून दक्षिणेला सव्वाशे-एक किमीवर बाहो काराकोलेस म्हणून चार घरांची वस्ती लागते, तिथे पंप आहे पण त्यात डिझेल असेलच असं नाही, आणि पुढचं मोठं गाव गोबेर्नादोर ग्रेगोरेस दोनशे किमीच्या वर. मोटरहोम समोरच्या वाऱ्यात कितीतरी जास्त पितं, त्यामुळे कंपनीने सांगितलेलं अॅव्हरेज धरून हिशोब करू नका. एक बरं आहे, अर्जेंटिनाने पॅटागोनियाला इंधनावरच्या करात सूट दिलेली आहे त्यामुळे देशाच्या उत्तरेपेक्षा इथे स्वस्त पडतं. पंपावर अजून एक सोय असते, गरम पाण्याचं मशीन, माते नावाच्या तिथल्या चहासारख्या पेयासाठी. तिथला ड्रायव्हर डिझेलच्या आधी थर्मास भरतो. आम्हीपण त्या पाण्यावर चहा करायला लागलो, आपला गॅस वाचतो. आणि गॅस वाचवणं गरजेचंच आहे कारण चिलीत घेतलेला सिलिंडर अर्जेंटिनात भरून मिळणं अवघड, जोड वेगळे असतात.

बरं, पेरितो मोरेनो नावाचं गाव वेगळं, नॅशनल पार्क वेगळा आणि प्रसिद्ध ग्लेशियर वेगळा. गावापासून ग्लेशियर सहाशे किमीच्या वर आहे, जीपीएसमध्ये नाव टाकताना नीट बघा.

रूट 40 ची एकूण लांबी 5000 किमीपेक्षा जास्त, आता बहुतेक डांबरी. ग्रेगोरेस आणि त्रेस लागोसच्या मधला 73 किमीचा तुकडा मात्र आम्ही गेलो तेव्हा कच्चाच होता, तिकडचे ड्रायव्हर त्याला शिव्या घालूनच नाव घेतात. खडी, ज्याला ते रिपिओ म्हणतात, आणि त्यात चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या. चाकोरीत राहिलं तर बरं चालतं, पण समोरून कोणी आलं तर मधला खडीचा ढीग ओलांडून बाजूला जावं लागतं आणि तिथेच गाडी तरंगल्यासारखी होते. टायरमधली हवा थोडी कमी केली होती, वेग तीस-चाळीस, ब्रेक जवळपास नाहीच. आत सगळी भांडी टॉवेलमध्ये गुंडाळून. पाऊस झाला असेल तर जाऊच नका, तिथली माती ओली झाली की गाड्या रुततात आणि मदत यायला दिवस जातो. ग्रेगोरेसच्या पंपावर विचारायचं, ते लोक खरं सांगतात, उगाच धीर देत नाहीत.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी परत जाईन. तिथलं रिकामपण. सांता क्रूझ प्रांत जवळपास 2,44,000 चौरस किमी आणि माणसं साडेतीन लाखाच्या आत, त्यातली बरीचशी समुद्राकाठच्या शहरांत. तासभर एक गाडी दिसत नाही. पण रस्ता रिकामा नसतो. ग्वानाको असतात, लामासारखे जंगली प्राणी, कुंपणाच्या तारेवरून एका उडीत पलीकडे जातात, आणि कधी कधी एखाद्याचा पाय अडकून तो तिथेच तारेवर वाळून गेलेला असतो, ते बघवत नाही पण ते पण तिथलंच आहे. चोईके म्हणजे तिथला शहामृगासारखा पक्षी, बाप पुढे आणि पंधरा-वीस पिल्लं मागे. अंधारात गाडी चालवायची नाही ती यांच्यासाठी पण.

लांबून पॉपलर झाडांची एक काळपट उभी रांग दिसली की समजायचं तिथे एस्तान्सिया आहे, मेंढ्यांचं मोठं फार्म, कारण आपोआप तिथे झाडं उगवत नाहीत, घराला आडोसा म्हणून कोणीतरी लावलेली असतात. जवळ गेलं की बऱ्याच ठिकाणी घराची दारं-खिडक्या नसतात. 1991 च्या ऑगस्टमध्ये चिलीतला हडसन ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्याने याच प्रांतावर आणून टाकली, गवत गाडलं गेलं, मेंढ्या मेल्या आणि कित्येक कुटुंबं फार्म सोडून गेली. म्हणजे इथे वाऱ्याने माणसांचं काय केलं ते रस्त्याच्या कडेला उभं आहे, पॉपलर अजून हिरवे आणि घर रिकामं.

रस्त्याकडेला छोटी देवळं पण असतात. लाल झेंडे दिसले तर गाउचितो हिल या लोकांनी मानलेल्या संताचं, जाताना हॉर्न वाजवतात. आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसला तर तो कचरा नाही, ते दिफुन्ता कोर्रेआचं ठिकाण. दंतकथा अशी की 1840 च्या सुमारास युद्धात ओढून नेलेल्या नवऱ्याच्या मागे ही बाई तान्ह्या बाळाला घेऊन सान हुआनच्या वाळवंटातून निघाली, तहानेने मेली, आणि सापडली तेव्हा बाळ तिच्या अंगावर पीत होतं, जिवंत. म्हणून ड्रायव्हर तिच्यासाठी भरलेल्या बाटल्या ठेवतात. एका ठिकाणी आमच्या पुढचा ट्रक थांबला, त्या माणसाने टोपी काढली, एक बाटली झाकण थोडं सैल करून ठेवली, तिच्या बाजूला एक दगड लावला उडू नये म्हणून, आणि गेला. आम्ही पण ठेवली.

बाहो काराकोलेसहून कच्च्या रस्त्याने चाळीसेक किमी आत गेलं की क्वेव्हा दे लास मानोस, पिंतुरास नदीच्या घळीत. 1999 पासून युनेस्कोच्या यादीत. नऊ हजार वर्षांपेक्षाही जुने हातांचे ठसे, हात भिंतीला टेकवून वर नळीतून रंग फुंकलेला, आणि बहुतेक डावे हात, कारण नळी उजव्या हातात धरलेली असणार. गाईडसोबतच जाता येतं. घळीत उतरलं की वारा अचानक थांबतो, आणि कित्येक दिवसांनी एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू येतं. ही माणसं इथेच का राहिली ते आम्हाला कानाने कळलं.

ग्लेशियर अर्थात बघाच, पेरितो मोरेनोची भिंत पाच किमी रुंद आणि पाण्याच्या वर सत्तरेक मीटर, बर्फ तुटताना तोफेसारखा आवाज येतो, आणि इतकी वर्षं स्थिर म्हणून सांगितला जाणारा हा ग्लेशियर आता मागे सरकायला लागलाय. पण त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे.

उशुआइयाला जायचं असेल तर एक वेगळाच प्रकार. ते तिएर्रा देल फ्वेगो बेटावर आहे, आणि त्या बेटाच्या अर्जेंटिनाच्या भागात पोचायला रस्त्याने चिलीतूनच जावं लागतं, म्हणजे रिओ गायेगोसहून निघालं की एका दिवसात अर्जेंटिनातून बाहेर, चिलीत आत, चिलीतून बाहेर, परत अर्जेंटिनात. भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायची वेगळी परवानगी लागते, ती कंपनीकडून आधीच करून घ्यावी लागते. आणि चिलीची तपासणी कडक, ताजी फळं, भाज्या, मांस, मध काही चालत नाही. मोटरहोमचा फ्रिज उघडून बघतात. आदल्या रात्री आम्ही उरलेल्या सगळ्या भाज्या एका भांड्यात शिजवून संपवल्या, कांदे-लिंबं शेजारच्या कॅम्परला दिली. शंका असेल ते फॉर्मवर सरळ हो लिहा, लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

मग मॅगेलनची सामुद्रधुनी, पुंता देल्गादा ते बाहिया आसुल, फेरीबोटीने वीसेक मिनिटं. वारा फार असला की फेरी बंद, आणि मग ट्रक, बस, मोटरहोम सगळे रांगेत. आम्ही पण थांबलो, जेवण तिथेच केलं, झोप काढली. घर बरोबर असलं की असं थांबणं जड जात नाही, मोटरहोमचा खरा फायदा हा, हॉटेलचं बुकिंग बुडत नाही. फेरी निघाली तेव्हा पाण्यात काळेपांढरे छोटे डॉल्फिन, कॉमर्सन्स डॉल्फिन, बोटीच्या अगदी कडेने पळत होते, ट्रकवाले पण खाली उतरून बघत होते.

ब्युनोस आयर्सहून येणारा हायवे रूट 3 जिथे संपतो त्या उशुआइयाजवळच्या लापाताइयाला पाटी आहे, ब्युनोस आयर्स 3079 किमी, अलास्का 17,848. फोटोला रांग असते.

कधी जायचं विचाराल तर वारा नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात जोरात, आणि गर्दी पण तेव्हाच. मार्चअखेर ते एप्रिल वारा उतरतो, लेंगा नावाच्या झाडांची जंगलं लाल होतात, दिवस मात्र लहान आणि रात्री गोठवणाऱ्या, पाण्याचे पाईप सांभाळावे लागतात. पुढच्या वेळी आम्ही तेव्हाच जाणार आहोत, चिलीच्या बाजूने, पुएर्तो मोंत ते विया ओहिगिन्स, कारेतेरा आउस्त्राल नावाच्या हायवेने, बाराशे किमीच्या वर. त्याच्यात ओर्नोपिरेन ते कालेता गोन्सालो फेरी आहे, मोठ्या गाडीला जागा कमी असते, म्हणून तारखा ठरल्या की पहिलं ते बुकिंग, बाकीचं सगळं त्यानंतर.