नॅनो पावडर आणि लिव्हर: जर्मनीतून खानदेशच्या मंडळींसाठी

इथे जर्मनीतल्या प्रयोगशाळांत नॅनो पावडरची बाटली उघड्या टेबलावर उघडत नाहीत. हवा ओढून घेणाऱ्या बंद कपाटात उघडतात, आणि शक्यतो पाण्यात कालवलेलाच माल मागवतात. ओल्या मालाची धूळ उडत नाही, एवढंच कारण. जळगावच्या एमआयडीसीत पाइपांसाठी पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची पोती फोडणाऱ्यांना हे कळायला हवं. त्या पावडरीचे बरेचसे दाणे २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात, पण काही १०० च्या खालीही जातात, म्हणजे नॅनो होतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

धुळीतून नाकातोंडावाटे आत जाऊन रक्तात शिरलेला कण साधारण ६ नॅनोमीटरहून लहान असेल, तर लघवीवाटे निघून जातो. त्याहून मोठे कण बहुतांशी यकृतात अडकतात. तिथल्या बारीक वाहिन्यांत रक्ताचा वेग मंदावतो आणि भिंतीला चिकटलेल्या कुप्फर पेशी त्यांना गिळतात. पुढचं सगळं कण कशाचा आहे त्यावर. लोहाचा कण विरघळून शरीराच्या लोहसाठ्यात जातो. सोनं, टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाहीत. पित्तावाटे इतके हळू निघतात की महिनोन्‌महिने तिथेच राहतात. चांदी, तांबं, जस्त यांच्या कणांतून आयन (विजेचा भार असलेले अणू) सुटतात, पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, म्हणजे पेशीचे भाग गंजल्यासारखे खराब होतात, सूज येते. हे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आणि मोठ्या मात्रेचे आहेत, तेव्हा घाबरून काम सोडू नका. पण न विरघळणारा कण रोज थोडा थोडा साठतो, म्हणून धूळ अडवायचीच.

कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बंद करा. ओल्या फडक्याने पुसा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच हवा. एन९५ मास्क हे कण चांगले अडवतो, चूक होते ती कडेच्या फटीत. दाढी वाढलेली असेल, तर मास्क घालून न घातल्यासारखाच. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

कपाशीवर नॅनो युरिया मारणाऱ्यांनी लिव्हरची धास्ती घेऊ नये. युरिया पाण्यात विरघळतो, आणि आपलं यकृत तो रोज स्वतःच बनवतं. नॅनो जस्त-तांब्याची फवारणी मात्र वाऱ्याच्या दिशेनेच करा, मास्क लावून. ‘चांदीचं पाणी’ (चांदीचे बारीक कण असलेलं पाणी) औषध म्हणून अजिबात पिऊ नका. त्याने कातडी कायमची राखाडी-निळी पडू शकते.

खाण्याच्या पाकिटावर आयएनएस १७१ हा घटकाचा क्रमांक दिसला, तर ते हेच टायटॅनियम डायऑक्साइड. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ते खाद्यपदार्थांत बंद केलं.

लिव्हरच्या रक्ततपासणीत कण दिसत नाहीत. एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम) वाढलेलं आलं, तर डॉक्टरांना दारू आणि औषधाच्या गोळ्यांबरोबर कामावरच्या पावडरीचंही सांगा. पोत्यावरच्या नावाचा फोटो काढून न्या.