सुरगाठ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेतून निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ध्वजपथकाच्या बाईंवरच लिहायचं होतं. बाई गेल्यानंतरचा शाळेचा हा पहिला मोठा सोहळा. मैदानाच्या कडेला, गळ्यात शिट्टी अडकवून त्या उभ्या नसतील, हे अजूनही मन मानत नाही.

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, कळवा अशा कुठून कुठून येणाऱ्या आम्ही बत्तीस मुली. आठवीत पथकात घेतलं की पहिला महिनाभर हातात नुसता बांबू, कापड नाहीच. बांबू बाई स्वतः निवडून आणायच्या. व्हरांड्याच्या फरशीवर तो घरंगळत सोडायच्या. न अडखळता भिंतीपर्यंत गेला तर ठेवायचा. मग आम्ही त्याची पेरं काचकागदाने घासायचो आणि धरायच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचो. दुसऱ्या महिन्यात त्याला बाईंच्या जुन्या साडीचं कापड लागायचं. खरं काम मनगटाचं आहे हे तेव्हा कळायचं. आठाचा आकडा काढताना हात जरासा थबकला, तरी कापड काठीला गुंडाळलंच म्हणून समजा. "ओढू नका गं त्याला, वाट द्या!" ही हाक मला आजही ऐकू येते. पाडव्याच्या स्वागतयात्रेत तलावपाळीच्या वळणावर वारा अंगावर आला, की आमच्या सगळ्या रांगेची मनगटं आपोआप फिरायची.

पण असा नाचवायचा तो भगवा. तिरंग्याला ही मोकळीक नव्हती. तो ताठ धरायचा आणि मिनिटाला 120 पावलांच्या चालीने न्यायचा. 2002 ची ध्वजसंहिता बाईंनी झेरॉक्स करून ठेवली होती, तिचे समास पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले होते. ध्वज जमिनीला, पाण्याला लागू द्यायचा नाही. चढवायचा झपाट्याने, उतरवायचा सावकाश. हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

आमच्यात एक मुलगी बोलताना फार अडखळायची. वर्गात नाव सांगायचं म्हटलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाईंनी तिलाच पथकाची प्रमुख केलं. आम्हाला ते क्रूर वाटलं होतं. पण "सा...वधान" हा हुकूम लांबवून, पोटातून द्यायचा असतो, आणि त्या लयीत ती एकदाही अडखळली नाही. पुढच्या वर्षी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. बाईंनी तिला काय दिलं, हे तिच्याइतकं दुसरं कोण सांगणार!

माझी गोष्ट दोरीची. नववीत 15 ऑगस्टचा ध्वज बांधायचं काम माझ्याकडे आलं. सहा बाय चार फुटांचा, खादीचा ध्वज. पहाटेपासून पाऊस. मी घडीत फुलं ठेवली, गाठ मारली, ध्वज वर गेला. पाहुण्यांनी दोरी ओढली, पण गाठ सुटेना. पुन्हा ओढली, तरीही तेच. सुरगाठ म्हणून मारलेली माझी गाठ भिजून चक्क निरगाठ झाली होती. सगळी शाळा बघत होती आणि माझे पाय मातीत रुतले होते. बाई शांतपणे पुढे आल्या. मुलं सावधानमध्येच उभी राहिली. ध्वज खाली घेतला, मी हात पसरून तो धरला. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, त्याच्या टोकाने गाठ सैल केली आणि मला म्हणाल्या, "आता तूच बांध." हात थरथरत होते. बांधली. ध्वज वर गेला, उलगडला, पाकळ्या पाहुण्यांच्या ओल्या छत्रीवर पडल्या.

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र थांबवून घेतलं. बादलीत दोरी बुडवायची, बांधायची, ओढायची. पन्नास वेळा. त्या पायरीवर बसून मोजत होत्या. "कोरड्या दोरीवर कुणीही बांधेल," एवढंच म्हणाल्या. काळोख पडला तेव्हा मला घरापर्यंत सोडायलाही त्याच आल्या.

बाई निवृत्त झाल्या तरी माझं त्यांच्याकडे जाणंयेणं सुरू राहिलं. 2022 च्या जुलैमध्ये घरावरचा ध्वज रात्रीही फडकत ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचा फोन आला. "मुभा आहे गं, पण आपण आपला सूर्यास्ताला उतरवायचा."

त्यांच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये मी चरईतल्या घरी गेले होते. गॅलरीत छोटा तिरंगा होता. बाईंना उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्ची दाराशी ओढून घेतली. दोरी मी सोडली. गाठ एका ओढीत सुटली. ध्वज खाली येईपर्यंत दोघी काही बोललो नाही. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली घेतला, दोन्ही बाजू दुमडून चक्र वर आणलं, आणि घडी त्यांच्या पसरलेल्या तळव्यांवर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. एक कोपरा किंचित वर आला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून नीट बसवला.