वेणूताईंची पहिली संक्रांत

संक्रांतीनंतरच्या रविवारी आईला घेऊन देवराष्ट्र्याला गेले. आई फलटणची. "आमच्या गावच्या लेकीचं सासर एकदा बघायचंय," असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. ही लेक म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या वेणूताई. सासर कराडला, पण मी म्हटलं, आधी साहेबांचं आजोळ बघू.

ताकारीहून सागरेश्वरचा घाट चढून गेलं की देवराष्ट्रे लागतं. १२ मार्च १९१३ ला यशवंतराव इथं जन्मले. बाळंतपण अडलं होतं. आजीनं सागरोबाला साकडं घातलं, यश दे, तुझी आठवण म्हणून पोराचं नाव यशवंत ठेवीन. ते जन्मघर जपून ठेवलंय. आई उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेत म्हणाली, "विठाबाईंसाठी."

खरंच, विठाबाईंसाठीच. वडील बळवंतराव बेलीफ होते, ते लवकर गेले. अक्षरओळख नसलेल्या या माऊलीनं कष्टानं पोरं वाढवली. १९३२ साली यशवंतरावांना झेंड्यापायी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली तर सुटेल, असं गुरुजींनी सुचवलं, तेव्हा माफी कसली मागायची म्हणून त्या आईनंच विषय तोडला. मला हे वाचलं की अजून भरून येतं.

दुपारी कराडला आलो. तुरुंगातून सुटल्यावर यशवंतरावांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. केलं, पुण्यातून वकिली, आणि २ जून १९४२ ला वेणूताईंशी लग्न. दोन महिन्यांत 'चले जाव'ची हाक आली नि नवरदेव भूमिगत झाले. नव्या सुनेची पहिली संक्रांत कशी असते, ते आपल्याला सांगायला नको: काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला आळीतल्या बायका. वेणूताईंना त्याच सणाला, जानेवारी १९४३ मध्ये पोलिसांनी धरून नेलं. वय जेमतेम सतरा. तुरुंगातून आल्या त्या आजारपण घेऊनच. त्यांना भेटायला यशवंतराव लपतछपत फलटणला आले आणि तिथंच पकडले गेले.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. १९४६ ला आमदार, १९५६ ला मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले. चीनचं युद्ध चालू असताना नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. मग गृह, अर्थ, परराष्ट्र, आणि १९७९ ला उपपंतप्रधानपदही. माझ्या लेखी सगळ्यांत मोठं काम मात्र गरिबाघरच्या पोरांची फी माफ करण्याचं. आमचे मामा त्यामुळंच शिकले.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं पुरी व्हायला एकच दिवस उरला होता. साहेब त्यांच्यामागं दीड वर्षही राहिले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात, मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. समाधीपाशी आईनं पिशवीतून स्टीलची डबी काढली. कागदाच्या तुकड्यावर तिळगुळाच्या दोन वड्या ठेवल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला.

"एक साहेबांची," ती म्हणाली, "आणि एक तिची. त्या साली राहिलेली."