वुर्लित्झर २००ए: तडतडीचा चोर सापडला

फोंड्यात मिरग लागला आणि माझ्या वुर्लीची, म्हणजे वुर्लित्झर २००ए या जुन्या इलेक्ट्रिक पियानोची, तडतड परत सुरू झाली. मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगात किती स्वच्छ आवाज होता. आता पट्टीला बोटही न लावता स्पीकरमध्ये मोहरी फुटतेय. नव्या गाण्यांचे कीबोर्ड ट्रॅक अर्धे झालेत, अर्धे लटकलेत.

सगळ्यांचा पहिला संशय धुळीवर, आणि तो रास्तच. रीड (सुरासाठी कंप पावणारी धातूची जीभ) आणि पिकअप (तो कंप विजेच्या रूपात टिपणारा भाग) यांच्यामध्ये साधारण दीडशे व्होल्ट असतात. त्या फटीत एखादा तंतू किंवा सोल्डरचा कीस अडकला की तडतडणारच. म्हणून रीड-बार (रीड बसवलेली दांडी) पुन्हा उघडला, ब्रश आणि ब्लोअरनं फट न् फट झाडली. फरक शून्य. मग रीड-बारकडून अ‍ॅम्पकडे जाणारी केबलच काढून ठेवली. तरी तडतड चालूच! म्हणजे रीड बिचारे निर्दोष, चोर अ‍ॅम्पच्या बोर्डावर.

हे मॉडेल १९७४ पासूनचं, आणि माझ्या बोर्डावर बरेचसे मूळचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर अजून आहेत. ते ओल धरतात, व्हॅल्यू सरकते आणि मग आवाज करतात. हेअर ड्रायरची गरम हवा एकेकावर सोडत गेलो. पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी आल्यावर तडतड एकदम विरळ झाली. ड्रायर बंद केला, थोड्या वेळानं परत दाट. (बोर्ड चालू ठेवून हे करणार असाल तर एक हात खिशात. गंमत नाही.)

बदलायला मेटल फिल्म प्रकारचे रेझिस्टर मागवले. ऑनलाइन दुकानानं पाकिटावर मेटल फिल्म लिहून आत कार्बन फिल्म पाठवले: बदामी अंग, चार पट्टे. असल्या स्वस्ताईपेक्षा लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार बरा. मुंबईहून येणाऱ्या मित्राकडून आणवले. इनपुटचे रेझिस्टर बदलले आणि व्हॉल्यूम पूर्ण चढवून बसलो. नुसती हलकी सूं. बाहेर धो धो पाऊस!

मधल्या काळात एक रीडही मार्गी लागला. वरच्या सप्तकातला एक फा शार्प उतरला होता. आमच्या भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्यासमोर ठेवला. मी ट्यूनर काढला तर म्हणाले, "तो डबा ठेव रे, शेजारचा सूर दे." टोकावरच्या सोल्डरवर कानस एकदा, दोनदा, मग ऐकायचं. टोक हलकं झालं की सूर चढतो, पेटीच्या रीडलाही हेच लागू. कीस मात्र रीड बारवर लावण्याआधीच झटकला, नाहीतर आहेच पुन्हा फोडणी.

बोर्डावर ओलरोधक लेप मारायचा विचार होता, पण लिहिता लिहिता तो रद्द करतोय. उद्या परत काही बदलायचं झालं तर लेप खरवडत कोण बसणार? त्यापेक्षा आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात बुरशी येऊ नये म्हणून छोटा बल्ब लावतात, तसाच फ्लाइट केसमध्ये लावतो. पियानो बाहेर काढला की मगच सूर तपासायचे, कारण उबेत ते हलतील.

आणि पावसाळ्यातल्या गिगना वुर्ली नेणं बंद. आसगावला नॉर्डवर, म्हणजे डिजिटल कीबोर्डवर, भागेल. त्यातले वुर्लीचे सॅम्पल (रेकॉर्ड करून भरलेले आवाज) बँडच्या गदारोळात कुणाला ओळखू येत नाहीत, मलाही नाही. ऑक्टोबरात सीझन लागला की वुर्ली परत स्टेजवर. तोवर घरी उरलेले ट्रॅक. केसमध्ये कुणी बल्ब वापरत असेल तर किती वॅटचा, ते कळवा.